आवाजाकडे वळणे

परभणी
दि. ११ ऑगस्ट १९९१

श्रीमती सुमनबाई यांस,

कमलचा नमस्कार. तुमच्यात पत्राच्या वर काय लिहितात ते मला ठाऊक आहे, पण माझ्या हातून लिहिलेलं ते तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून नुसता नमस्कार. तुम्ही, तुमचे भाऊ, वहिनी, लेकरं सगळे खुशाल असतील. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. पाऊसपाणी ठीक आहे.

कोण ही कमल, असं म्हणाल. दत्तरावांची धाकटी सून. बन्सीधरची आई. तुम्ही आपल्या गावच्या अंगणवाडीत होतात तेव्हा दर पंधरा दिवसांनी आमच्या ओट्यावर यायच्यात, त्या घरची. चारचौघांत मी तुम्हाला "अगं ए" म्हणायची आणि आडावर एकट्या भेटलात की "बाई" म्हणायची. तुमच्या ते लक्षात असेलच.

पत्ता तानुबाईनं दिला. गंगाखेडच्या स्टँडवर भेटली होती. अंगणवाडीत अजून तीच झाडते, तीच खाऊ शिजवते. तुमच्या जागी आता सुलाबाई आहे. तानुबाई एवढंच म्हणाली, "सुमनबाई पूर्ण्याला भावाच्या क्वार्टरमधी ऱ्हाती, शिवणकाम करती." आणि गाडीत चढली. माझ्याशी ती जास्त बोलत नाही.

आता काम सांगते. बन्सीला ऐकू येत नाही. तुम्हाला हे नवीन नाही, पण आम्हाला डॉक्टरनं सांगून दीड वर्ष झालं. चार वर्षांचा होत आला तरी बोलेना, तर घरात म्हणायचे, पोरगा आहे, उशिरा बोलेल, ह्याचा बापसुद्धा चौथ्या वर्षी बोलला. राघूनं टोचलेले पेरू चारले. जिभेला मध लावला. मग एके दिवशी गल्लीत मागून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, बायका ओरडायल्यात आणि हा मधोमध बसून मातीत रेघा ओढतोय. चाक हातभर अंतरावर थांबलं. त्या दिवशी ह्यांनी कुणाला न विचारता औरंगाबादची गाडी धरली.

आता तो इथल्या मूकबधिर शाळेत जातो. शाळेत आई पाहिजे असं तिथल्या बाई म्हणाल्या, कारण खरा अभ्यास घरीच करायचा असतो. म्हणून जूनपासून मी त्याला घेऊन इथं खोली करून राहते. चतुराबाई म्हणून विधवा बाई आहेत, त्यांच्या मागच्या अंगणातली खोली. हे पंधरा दिवसांनी येतात, ज्वारी-डाळ टाकतात, एक कप चहा घेतात आणि परतीच्या गाडीनं जातात. लेकराशी काय बोलावं ते त्यांना कळत नाही.

शाळेच्या बाईंनी सांगितलंय की ऐकू आलं नाही तरी बोलत राहायचं. तोंडावर उजेड पाहिजे, ओठ दिसले पाहिजेत. म्हणून मी सकाळपासून बोलते. पोळी. ही पोळी. गरम पोळी. बन्सी पोळी खातो. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. आणि मग लक्षात येतं की आज दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. चतुराबाई पाण्याची वेळ झाली की कडी वाजवतात, तेवढंच. माझ्याच आवाजाचा मला वीट येतो, बाई.

शाळेनं एक तक्ता भरायला दिलाय. मूल किती महिन्यांचं असताना मान धरली, पालथं कधी पडलं, कधी बसलं, रांगलं, उभं राहिलं, पाऊल कधी टाकलं. तोंडानं आवाज कधी काढायला लागलं, कधी थांबलं. मला एकही तारीख आठवेना. आईला आठवत नाही, असं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, लिहून आणते. मग आठवलं की तुम्ही रजिस्टर सोडून स्वतःची एक वही ठेवायच्यात, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात गावातल्या सगळ्या लेकरांचं लिहायच्यात. ती जवळ असेल तर बन्सीचं तेवढं कळवा.

त्या वेळी जे झालं ते मोठ्या माणसांचं होतं. आम्हा बायकांना कोण विचारतं. तुम्ही मनात काही ठेवलं नसेल असं समजते.

बन्सीला तीन दिवसांनी पाचवं पूर्ण होतं. सोबत उत्तरासाठी जोडकार्ड पाठवते, म्हणजे तुम्हाला खर्च नको.

आपली,
कमल


परभणी
दि. २० ऑक्टोबर १९९१

सुमनबाईंना कमलचा नमस्कार.

कार्ड पोचलं त्याला महिना होऊन गेला. उत्तर द्यायला उशीर केला. रोज लिहायला बसायची आणि वर तारीख टाकून उठायची.

तुमच्या कार्डावर ना मायना होता ना खाली नाव. नुसतं वहीतलं उतरवून काढलेलं. मला ते आता पाठ झालंय. मान धरली, नोव्हेंबर ८६. पालथा पडला, संक्रांतीच्या आठवड्यात. आधाराशिवाय बसला, फेब्रुवारी ८७, सहा महिने पूर्ण. रांगला, एप्रिल. पाऊल टाकलं, जुलै, अकरावा महिना. मग खाली: हुंकार देतो, ऑक्टोबर ८६. बा-बा, मा-मा असे आवाज, फेब्रुवारी. आवाज कमी झाले, मे. आणि शेवटच्या दोन ओळी. "आवाजाकडे वळणे: नाही, १९ मे. पुन्हा पाहिले २ जून, नाही. आईला सांगितले."

शाळेच्या बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, गावातल्या अंगणवाडीच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं येणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा इतकं नीट लिहायला जमत नाही." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. बहिरं लेकरूसुद्धा आधी आवाज काढतं, इतर लेकरांसारखंच. पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, कुणाचा जबाब येत नाही, म्हणून सात-आठ महिन्यांचं झालं की हळूहळू गप्प होतं. घरच्यांना वाटतं पोर शहाणं झालं, त्रास देत नाही. आमच्या घरात तसंच झालं. किती गुणाचं लेकरू, रडत नाही, दचकत नाही, म्हणायचे.

आणि चालण्याचा केवढा डांगोरा पिटला! वर्षाच्या आत चालला म्हणून सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, गल्लीत गूळ वाटला. सुतारानं केलेला पांगुळगाडा एक दिवससुद्धा लागला नाही. पाय इतके चांगले म्हटल्यावर कानाकडं कुणाचं लक्ष जाणार? आत्याबाई म्हणायच्या, "दार लावलं की बघतंय की! कान काय, डोळं काय, सगळं लख्ख हाय." दार लावल्यावर जमीन हादरते, ते त्याला कळायचं. तुम्ही चमच्यानं वाटी वाजवलीत तेव्हा तो वळला नाही, पण मग तुम्ही सरकलात आणि तुमची सावली त्याच्यापुढं पडली, तेव्हा लगेच वळला आणि हसला. मला आठवतं. त्याला गोणपाटावर ओट्याच्या कडेला ठेवलं होतं, म्हणजे तुम्हाला वर यावं लागू नये. तुम्ही पायरीवर उकिडव्या बसला होतात.

मी बाईंना विचारलं, नवव्या महिन्यात आणलं असतं तर? त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाल्या, "आता जेवढं आहे तेवढ्यावर काम करू." मला समजलं.

आनंदाची गोष्ट अशी की मशीन मिळालं. छातीवर कापडी पट्ट्यात एक पेटी बांधायची, तिची वायर कानात. पहिल्या दिवशी कानात घातलं तेव्हा ओरडून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पेटीवर हात ठेवून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी चतुराबाईंनी अंगणात घंगाळ आपटलं आणि ह्यानं मान वर केली. जमीन हादरली म्हणावं तर आम्ही खाटेवर होतो. चतुराबाई उभ्याच राहिल्या, म्हणाल्या, "ऐकलं का काय गं त्यानं?" आणि परत आपटलं. मग त्या आणि मी दोघी मिळून रडलो. त्या बाईंना मी आधी तुसड्या समजायची.

शाळेत "प" शिकवायलेत. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची आणि ती उडाली पाहिजे. पहिला आठवडा नुसता फुंकायचा. आता पट्टी उडते आणि मागून बारीकसा आवाज येतो. "पा." पाणी हवं असलं की मडक्याशी उभा राहून हवेत पट्टी धरल्यासारखा हात धरतो आणि म्हणतो, "पा." मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं." मग मला वाटलं, कुणाला सांगू? माहेरी आई नाही. मानवतला भाऊ आहे, त्याला ह्यातलं काही कळत नाही. दुनियेत एकच माणूस आहे ज्याला ह्या "पा"ची किंमत कळेल, आणि ते माणूस मला कार्डावर नाव घालत नाही.

तुम्ही लिहिलंय, आईला सांगितले. हो. सांगितलं होतं. सगळ्यांच्या आधी, मला एकटीला, आडावर. मी नाही म्हणत नाही.

कागदाचं, म्हणजे तुमचं काम गेलं त्या तक्रारीचं, मला मागाहून कळलं. सासऱ्यांनी, आबांनी, परस्पर केलं ते सगळं. त्या साली नामांतरावरून गावागावांत वातावरण तापलेलं होतं. तुमचे भाऊ मोर्च्यात बोलले हे गावात पोचलं होतं, आबांना निमित्तच पाहिजे होतं. तुमचं जे नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली की एकदा पूर्ण्याला येऊन बन्सीला दाखवून जावं असं मनात आहे. नको असेल तर कार्ड टाका. कार्ड आलं नाही तर या असं समजेन.

आपली,
कमल


परभणी
दि. ९ जानेवारी १९९२

सुमनबाई,

रविवारी तुमच्या दारात येऊन दीड तास बसले आणि ज्यासाठी आले होते ते न बोलताच उठले. म्हणून हे पत्र. ह्यात प्रकृतीची चौकशी नाही. हे पूर्ण वाचा, मग फाडा.

आम्ही पॅसेंजरनं उतरलो तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं होतं. क्वार्टरचा नंबर विचारत विचारत आलो. तुम्ही ओट्यावर मशीनवर बसला होतात, झबली शिवत. मला बघून पाय थांबले तुमचे. मग म्हणालात, "या. लेकराला उन्हात उभं करू नका." मला बसायला सतरंजी टाकलीत, पाणी दिलंत. मी ते प्यायले. गावात तुम्हाला आमच्या घरी कधी पाणी विचारलं नव्हतं, हे दोघींच्याही ध्यानात होतं.

बन्सीशी तुम्ही जशा वागलात तशी मी अजूनही वागू शकत नाही. त्याच्यापुढं खाली बसलात, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर आणलंत, मग बोललात. त्याच्या पेटीला हात न लावता आधी बोटानं दाखवून विचारलंत, बघू का? त्यानं स्वतः पट्टा सोडून दिला. रिळाची रिकामी फिरकी दिलीत, ती घेऊन तो तासभर खेळला. मला वाटलं, ही बाई ह्या कामासाठी जन्मली होती आणि झबली शिवत बसली आहे.

तुमचे भाऊ चंद्रभानदादा आले, मला ओळखलं, कपडे बदलले आणि परत बाहेर गेले. त्यांच्या जागी मीसुद्धा तेच केलं असतं.

मग तुम्ही मशीनकडं बघत बोललात. तुमचे शब्द तसेच लिहिते, कारण ते मला विसरायचे नाहीत.

"चार वर्षं मला वाटायचं, माझंच चुकलं असंल. ट्रेनिंगमधी शिकवलं होतं, पर आपण काय डॉक्टर हाव का? उगंच एका आईच्या जीवाला घोर लावला आन् त्याची सजा मिळाली, असं वाटायचं. तुमचं पत्र आलं तवा कळलं, चुकलं नव्हतं. लय रडले मी. मला बरं वाटलं ना. लेकरू बहिरं निघालं आन् मला बरं वाटलं. ह्याची लाज वाटली मनून कार्डावर नाव घातलं न्हाई."

 तुम्ही मला लाज सांगितलीत, आणि माझी लाज तोंडाशी येऊन थांबली. तेवढ्यात गाडीची वेळ झाली असं मी म्हणाले. गाडीला अजून तास होता. आम्ही तो स्टेशनवर काढला.

आता सांगते.

तुम्ही मला आडावर सांगितलंत तो दिवस २ जून होता हे तुमच्या कार्डावरून कळलं. तुम्ही म्हणालात, "कमलबाई, कुणाला बोलू नका, आधी मालकाला सांगा, परभणीला कान दाखवून आणा. लवकर नेलं तर लय फरक पडतो." मी घरी आले. आत्याबाई रानात होत्या. मी देवघरातली घंटा घेतली, बन्सी पाळण्यात अंगठा चोखत होता, त्याच्या डोक्यामागं उभी राहून वाजवली. पुन्हा वाजवली. कानाला लागेल इतकी जवळ नेऊन वाजवली. तो अंगठा चोखत राहिला. मी घंटा जागेवर ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि भाकरी थापायला बसले.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं. चौथ्या वर्षी ट्रॅक्टरनं कळलं, हे जगासाठी.

ह्यांना सांगितलं नाही. भीती वाटली. बहिऱ्या लेकराची आई म्हणून राहायची भीती. सासरच्यांनी खोट माझ्या माहेरची काढली असती. चार दिवस मनात ठेवलं आणि मग आत्याबाईंना सांगितलं, पण कसं सांगितलं बघा. म्हटलं, "ती सुमन म्हणायली, आपल्या बन्सीला ऐकू येत न्हाई." मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की हे खोटं आहे. त्यांनी माझ्या मनासारखंच केलं. "माझ्या नातवाला बहिरं म्हणती व्हय ती? तिच्या जिभंला किडं पडो!" मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मला त्या रात्री शांत झोप लागली, बाई. कुणीतरी ठामपणानं खोटं बोललं म्हणून शांत झोप लागली.

नंतरचं मी दोनदा खोटं लिहिलं. एकदा लिहिलं की बायकांना कोण विचारतं. एकदा लिहिलं की कागदाचं मागाहून कळलं.

तो कागद मी लिहिला. दिवाळीच्या आधी आबांनी मला माजघरात बोलावलं. घरात दहावीपर्यंत शिकलेली मी एकटी, अक्षर चांगलं. आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. ते म्हणाले, "बाई लेकरांबद्दल वाईट बोलती." मी "अभद्र भाकीत करते" असं लिहिलं. तो शब्द त्यांना ठाऊक नव्हता, तो माझा. ते म्हणाले, "खाऊ घरी नेती." मी लिहिलं. खरं काय ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पातेलं खरवडून शेवटचा घास तुम्ही लेकरांना द्यायच्यात आणि स्वतः घरून बांधून आणलेली भाकरी खायच्यात. तरी लिहिलं. खाली पहिली सही माझी. मग अकरा बायकांचे अंगठे. आत्याबाईंनी फिरून घेतले, बऱ्याच जणींना कशावर अंगठा देतो हेसुद्धा सांगितलं नव्हतं. तानुबाईनं दिला नाही. म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.

अंगणवाडीच्या ऑफिसात तुम्हाला तो कागद वाचून दाखवला, खालची नावं सांगितली नाहीत, हातात दिला नाही, असं तेव्हा गावात ऐकलं होतं. हातात दिला असता तर माझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी तुम्ही अक्षर ओळखलं असतं आणि बन्सीच्या तारखा मला कधीच मिळाल्या नसत्या. की तरीही दिल्या असत्यात? मला ठाऊक नाही. रविवारी तुम्हाला बघितल्यावर वाटतंय की दिल्या असत्यात. त्यानंच जास्त मरण येतं.

लिहिताना मला काय वाटलं ते तुम्ही विचाराल. खरं सांगते, तुमचा राग आला होता. तुम्ही गावात राहिलात तर तुमच्याकडं बघून रोज मला ती घंटा ऐकू येणार होती. तुम्ही गेलात की बन्सी बरा होईल, असं काहीतरी येड्यासारखं डोक्यात होतं. तुम्ही गेलात. तो तसाच राहिला. आणि त्याच्या बोलण्याची तीन वर्षं गेली. शाळेच्या बाई म्हणतात, पहिली तीन वर्षं जी असतात ती परत कशानंही भरून येत नाहीत. त्याचं बोलणं फार साफ होणार नाही. शब्द येतील, पण परक्या माणसाला समजणं अवघड. हे मी केलं. आबांनी तुमचं काम घालवलं, लेकराची वर्षं मी घालवली.

पूर्ण्याहून आल्यावर सोमवारी एक अर्ज लिहिला. ऑफिसच्या साहेबांच्या नावानं. त्यात सगळं लिहिलं: तक्रार खोटी होती, मजकूर माझ्या अक्षरात आहे, खाऊची गोष्ट बनवलेली होती, मुलाबद्दल सेविकेनं दिलेला सल्ला बरोबर होता आणि तो न ऐकल्यानं माझ्या मुलाचं नुकसान झालं. मंगळवारी हे आले होते. पोस्टात टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवला. घंटेचं त्यांना पहिल्यांदाच कळलं.

त्यांनी अर्ज माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "मला तवा का न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, "भ्याले."

"आता आबाला काय सांगू?"

"तुमी काही सांगू नका. माझं नाव हाय त्याच्यावर. मीच सांगते."

"गावात येता यायचं न्हाई तुला."

"तसंही मी इथंच हाय."

त्यांनी ज्वारीचं पोतं आत ठेवलं. बन्सीला उचलून छातीशी धरलं, पेटी टोचली तसं खाली ठेवलं. बन्सी त्यांच्याकडं बघत म्हणाला, "पा." ह्यांनी मडक्यातलं पाणी काढून त्याला पाजलं. पहिल्यांदा त्या दोघांचं काही बोलणं झालं. मग चहा न घेता गेले. परत येतील का नाही ते सांगून गेले नाहीत. मी दारात उभी राहिले होते, वळून बघितलं नाही त्यांनी.

आज सकाळी गंगाखेडला जाऊन अर्ज स्वतः दिला. क्लार्कनं वाचला, मला खालून वर बघितलं. "बाई, चार वर्षांनी? आता तिथं दुसरी बाई हाय." मी म्हटलं, ठाऊक आहे. शिक्का मारून द्या. त्यानं मारला. त्यातून तुमचं काम परत मिळेल असं मला वाटत नाही आणि तशी आशा मी तुम्हाला दाखवत नाही. पण त्या ऑफिसात जो कागद तुमच्या नावावर आहे त्याच्या शेजारी आता हा असेल.

शाळेत मला आयाचं काम देतो म्हणालेत. लहान लेकरांना आणायचं, पुसायचं, पेट्या बांधायच्या. करणार आहे. बावीस लेकरं आहेत, त्यांच्यात दिवस जातो. संध्याकाळी दार लावलं की मग कठीण असतं. तेवढं सोसायला पाहिजे मला.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायची का नाही, हे ओझं परत तुमच्याच डोक्यावर येतं. अर्जाच्या शिक्का मारलेल्या दोन नकला सोबत आहेत. एक तुम्हाला, एक चंद्रभानदादांना. त्यांनी ती कुणाला दाखवली तरी माझी हरकत नाही. आपल्या गावात पारावर वाचली तरी नाही.

तुम्ही बोलावल्याशिवाय मी आता पूर्ण्याला येणार नाही. तुम्हाला बन्सीला कधी बघावंसं वाटलं तर मात्र कुणाबरोबरही निरोप द्या, मी त्याला तुमच्या दारापर्यंत सोडीन आणि स्टेशनवर बसून राहीन.

तक्रारीखाली सही करताना नुसतं "कमल" लिहून हात आखडला होता, आडनाव घालायची हिंमत झाली नव्हती. अर्जावर पूर्ण लिहिलं. इथंही पूर्ण लिहिते.

कमल रंगनाथ सोळंके